बोल्टांना दिलेलं पाणी : बारामती ते इंदापूर, फटफटीवरून

इंदापूरला फटफटीने जायचं ठरलं ते माझ्या हौसेने नव्हे, सासऱ्यांच्या पैजेने. माझी गाडी विलायती, दुसऱ्या महायुद्धातली, पुण्याच्या लष्करी लिलावातून आणलेली. चिखल उडू नये म्हणून पायांपुढे दोन्ही बाजूंना मोठे पत्रे आहेत. त्यांचे बोल्ट गंजून निम्मे झाले होते, त्यामुळे गाडी निघाली की भांड्यांचं दुकान उलटल्यासारखा आवाज व्हायचा. बायको कुसुम तिला ‘तुमचा खुळखुळा’ म्हणायची आणि माहेरी, म्हणजे इंदापूरला, एसटीने जायची.

तिचे वडील तात्या भाजीपाल्याचे आणि पानमळ्याचे बागायतदार. बारामतीला बाजारात माल घालून आमच्या घरी आले, तेव्हा गाडीभोवती एक चक्कर मारून त्यांनी इंजिनावर हात ठेवला.

“जावईबापू, इंजान झ्याक हाय. आमच्या हिरीवर बसवू. पानी वडंल.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. नको म्हणावं तर सासरे, हो म्हणावं तर जीव जातो. शेवटी त्यांनीच तोड काढली. “लेकीला मागं बसवून इंदापूरला या. वाटंत एक बी वस्तू पडली न्हाय, तर गाडी तुमची. पडली, तर इंजान हिरीवर.”

“मी हाय की साक्षीला,” कुसुम म्हणाली. तिच्या आवाजात मला विहिरीचाच ओलावा जाणवला.

मग मी बोल्टांच्या मागे लागलो. जुन्या गाडीवाल्यांनो, इथे नीट वाचा. बाजारात बोल्ट पोत्याने मिळतात, पण गाडी विलायती असली तर आटेही विलायतीच लागतात. दिसायला सगळे सारखेच असतात. जुना बोल्ट आणि नवा बोल्ट आट्याला आटा लावून उजेडाकडे धरायचे. मधून उजेड दिसला, तर पत्रिका जुळत नाही म्हणून सोडून द्यायचं. लांबीही पाहायची, कारण बोल्ट आखूड असेल तर चाकी, म्हणजे नट, धरत नाही आणि फार लांब असेल तर बुटाला लागतो. मंडईमागच्या दुकानात अर्धी सकाळ घालवून मी मनासारखे बोल्ट निवडले.

ते पुन्हा गंजू नयेत म्हणून वरून मुलामा हवा होता, सोनार दागिन्याला पाणी देतो तसा. जवळच लोहार नानांची भट्टी. मी पाटाच्या कचेरीत कारकून, दिवसभर लोक एकच विचारतात, “सायेब, पानी कवा देताय?” तोच शब्द जिभेवर होता. मी नानांना म्हणालो, “यांना पाणी द्या. चांगलं कडक.”

“व्हय की! असं कडक देतो, नाव काढाल,” नाना म्हणाले.

संध्याकाळी बोल्ट निळसर काळे होऊन आले. मला तो रंग फार आवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पेट्रोल बारामतीतच भरून घ्या, मध्ये भरवशाचं ठिकाण नाही. गाव सुटलं की दोन्ही बाजूंना पाटाच्या पाण्यावरचा ऊस आणि मधून मुरमाचा रस्ता. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या टाळल्या तर प्रवास सुखाचा. पत्रे अगदी गप्प होते. कुसुमने मागून एकदा विचारलंदेखील, “गाडी चालू हाय न्हवं?” मी खुशीत शीळ घातली.

अंथुर्ण्याजवळच्या मोरीवर दणका बसला. टक्, टक्, असे दोन आवाज आले आणि उजवा पत्रा खणखणत रस्त्यावर गेला. बोल्ट खडूसारखे मोडले होते. मी गाडी थांबवली. डोळ्यांपुढे विहीर दिसत होती.

कुसुमने पत्रा उचलला, मोडका बोल्ट पाहिला. “लोहाराला काय सांगितलं हुतं तुमी?”

“कडक पाणी द्या म्हणालो.”

ती मोरीच्या कठड्यावर बसून पदर तोंडाला लावून हसत सुटली. “अवो, त्यानं इळ्याला देत्यात तसं पानी दिलं! लाल करून पान्यात बुचकळलं. सोनाराचं पानी निराळं, लोहाराचं निराळं!”

विळ्याला धार टिकावी म्हणून दिलेल्या पाण्याने लोखंड कडक होतं आणि ठिसूळही. मी मागितलं कडक, मिळालं कडक. नानांचा काय दोष?

तेवढ्यात शेजारच्या वांग्यांतून एका आबांनी हाक दिली. “सायेब, पाटकचेरीतलं न्हवं का तुमी? आमचं पानी कवा?”

“थांबा आबा,” कुसुम ओरडली, “आदी ह्यांचं उतरू द्या!”

मग तिने पाटाच्या कडेचा लव्हाळा उपटला आणि पानमळ्यात वेल बांधतात तसा पत्रा जागेवर आवळून बांधला. पुढे निमगाव केतकीला थांबलो. तिथली पानं खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. पान चघळता चघळता ती म्हणाली, “एस्टीची वाट बघण्यात निम्मा दीस जातो. आज चूल आवरून निघाले, न् भाकरीच्या टायमाला आईपाशी.” साक्षीला तीच आहे हे आठवून मी पत्रा पुन्हा एकदा हलवून पाहिला.

तात्या दारातच उभे होते. “काय पडलं का गं वाटंत?”



“काय सुदिक न्हाय,” कुसुम म्हणाली.

“मंग ह्यो लव्हाळा?”

“पत्रा तापतो. लुगडं भाजंल म्हनून बांधला.”

तात्यांनी वाकून गाठ चाचपली. पानमळ्यातली ती गाठ त्यांनीच लेकीला शिकवलेली. ती ओळखून ते मिशीत हसले. “हिरीवर आमची मोटच बरी. चला, भरीत निवतंय.”

ते भरीत, ज्वारीची भाकरी आणि ठेचा यांसाठी मी तो रस्ता पुन्हा दहा वेळा करीन. परतीला लव्हाळ्याने बारामतीपर्यंत साथ दिली.

आठवड्याने दारात कल्हईवाला आला. मी नवे बोल्ट आणून ठेवले होते. कुसुमने ते आपल्या पातेल्यांबरोबर त्याच्यापुढे मांडले आणि बजावलं, “ह्यास्नी बी कल्हई करा. आट्यांत कथील साचू देऊ नका, गरम हाय तवरच कापसानं पुसा.” बोल्ट चांदीसारखे निघाले. चाक्या सहज बसल्या.

“बाई, हे कशाचं वो?” कल्हईवाल्याने विचारलं.

मी ‘तुमचा खुळखुळा’ ऐकायची तयारी ठेवून होतो.

“आमच्या गाडीचं,” कुसुम म्हणाली.