दाजींच्या गाडीचे दिवे

उभ्या जालना जिल्ह्यात धुक्याची आतुरतेने वाट पाहणारा एकच माणूस आहे आणि तो माझा साडू आहे. बाकी जिल्हा पावसाची वाट पाहतो, कापसाच्या भावाची पाहतो, बदलीच्या ऑर्डरची पाहतो. हे गृहस्थ धुक्याची पाहतात. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. उभी नोकरी त्यांनी शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली. जमिनीलगतची हवा थंड झाली की बाष्पाचे बारीक कण कसे तरंगत राहतात, हे त्यांनी पोरांच्या कित्येक पिढ्यांना फळ्यावर काढून दाखवलं, पण प्रात्यक्षिकाच्या बाबतीत जालन्याच्या हवेने त्यांना कधी साथ दिली नाही. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, नाहीतर गुडघ्याच्या तेलांची चर्चा सुरू करतात. दाजींनी एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात तिला फॉगलाईट, म्हणजे धुक्यात लावायचे दिवे, बसवायला घेतले. मी म्हटलं, "दाजी, आपल्याकडं धुकं कुठंय?" तर म्हणाले, "आल्यावर धावपळ नको."

हे काम मेकॅनिककडे द्यायचं त्यांच्या मनातही येत नाही. मेकॅनिक, त्यांच्या मते, वायर जोडतो पण वायरीचा विचार करत नाही. त्यामुळे जुन्या जालन्यातल्या त्यांच्या अरुंद गल्लीत, धान्याच्या दुकानांना लागून, ही गाडी बंपर काढलेल्या अवस्थेत तोंड उघडं टाकून उभी असते आणि तिच्या पुढ्यात चटई टाकून दाजी उताणे पडलेले असतात. रिक्षावाला येतो, दोन पायांकडे बघून विचारतो, "सर, किती टाइम लागंन?" गाडीखालून उत्तर येतं, "पाच मिनिटं." तो बिचारा रिक्षा मागे घेऊन दुसऱ्या गल्लीने जातो, कारण सरांची पाच मिनिटं गल्लीला पाठ आहेत. निघालेले स्क्रू, रिले, वायरीचे तुकडे अक्कांच्या वाळवणाच्या साडीवर, कुरडयांच्या शेजारी ओळीने मांडलेले असतात. अक्का म्हणजे दाजींच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. एकदा त्यांच्याकडे पाहुणे जेवायला होते आणि तळणातून कुरडयांबरोबर बंपरची एक काळी क्लिप निघाली. अक्का झारा हातात घेऊन बाहेर आल्या. दाजींनी क्लिप पाहिली आणि मनापासून आनंदाने म्हणाले, "ही मी परवापासून शोधून राह्यलो."

फॉगलाईट नुसता बसवून भागत नाही, त्याचा झोत खाली, रस्त्याला धरून पडावा लागतो. त्यासाठी समोर भिंत लागते. दाजींनी समोरच्या वकिलांच्या कंपाउंडवर, त्यांना न विचारता, गेरूने दोन मोठ्या फुल्या काढल्या आणि तिन्हीसांजेला त्या फुल्यांवर झोत पाडून पाहिला. योगायोगाने त्या दिवशी अमावास्या होती. सकाळी वकिलांच्या आईने त्या फुल्या पाहिल्या आणि कुणीतरी घरावर करणी केली म्हणून फाटकाला लिंबू-मिरच्या बांधल्या. दाजी जाऊन रीतसर खुलासा करून आले. प्रकाशाचा कोन, समोरच्याच्या डोळ्यांवर येणारी तिरीप, सगळं सांगितलं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते बराबर हाये मास्तर, पण लिंबू राहू द्या."

हिवाळा आला की पहाटे गाडी शहागडकडे निघायची. गोदावरीचा काठ, मोठा पूल, धुकं पडलंच तर तिथे पडेल, हा भूगोलाचा हिशेब. अक्का थर्मास आणि शाल घेऊन शेजारी बसायच्या. दोघं पुलाच्या अलीकडे गाडी उभी करून चहा प्यायचे, लखलखीत ऊन वर यायचं आणि दोघं परत यायचे. एकदा मीही गेलो होतो. त्या दिवशी खरोखरच रस्त्यावर पांढरं काहीतरी पसरलेलं दिसलं. दाजींचा हात झटकन बटणाकडे गेला. पिवळे दिवे लागले, गाडी त्या पांढऱ्यात शिरली आणि आम्ही तिघेही खोकायला लागलो. कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं. मी म्हटलं, "दाजी, हा धूर आहे." डोळ्यांतून पाणी गळत असताना ते म्हणाले, "असू द्या. तत्त्व एकच."

पण या सगळ्यावर कडी केली ती दिवसा लागणाऱ्या दिव्यांनी. नव्या गाड्यांना पुढे पांढऱ्या दिव्यांची एक पट्टी असते. इंजिन चालू झालं की ती आपोआप लागते आणि भर दुपारीही लागलेलीच राहते. दाजींनी आपल्या जुन्या गाडीला ती घरच्या घरी बसवली, आणि इतकी चोख बसवली की ती बंद करायचं बटणच ठेवलं नाही. आता आपल्याकडे दिवसा कुणाच्या गाडीचा दिवा चालू दिसला तर समोरून येणारा माणूस हात वर करून पाचही बोटांची उघडझाप करतो. ही आपल्या रस्त्यावरची जुनी माणुसकी आहे. दाजी घरातून निघाले की सगळं जालना त्यांना बोटं दाखवू लागतं. दूधवाले, एसटीचे ड्रायव्हर, शाळेच्या व्हॅनमधली पोरं, बैलगाडीतला माणूससुद्धा. दुसरा एखादा मान हलवून पुढे गेला असता. दाजी गाडी बाजूला घेतात, काच खाली करतात आणि समजावून सांगतात. एकदा एका भाजीवाल्याशी झालेला संवाद मी स्वतः ऐकला आहे. तो म्हणाला, "लाईट चालू राह्यला, सर." दाजी म्हणाले, "तो चालूच असतो. समोरच्याला आपण दिसावं म्हणून." भाजीवाल्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "पण तुम्ही तर दिसूनच राह्यले." यावर दाजींकडे उत्तर होतं, ते बरंच लांब होतं, आणि तोवर आमच्या मागे ट्रॅक्टरसकट रांग लागली होती.

हे सगळं गमतीत खपून गेलं असतं, पण घरात लग्नाची मुलगी होती. पल्लवी ही त्यांची एकुलती एक मुलगी, संभाजीनगरला बँकेत नोकरीला. पहिलं चांगलं स्थळ आलं ते अंबडहून, मोठ्या नव्या गाडीतून. पाहुणे आत पोहे खात होते आणि दाजी त्यांच्या गाडीपाशी उभे होते, कारण तिचा डावा फॉगलाईट रस्ता सोडून लिंबाच्या झाडाकडे बघत होता. पाहुणे निघायला बाहेर आले तेव्हा त्यांचा बंपर दाजींच्या ओट्यावर होता. ती मंडळी रिक्षाने बसस्टँडवर गेली. चार दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.

पुढचं स्थळ टेंभुर्णीचं. मुलगा सरकारी दवाखान्यात गुरांचा डॉक्टर, घरी शेती, माणसं साधी. आणि मुख्य म्हणजे मुलगा पल्लवीला मनापासून आवडला होता. तसं तिने आपल्या मावशीजवळ, म्हणजे माझ्या बायकोजवळ, कबूल केलं होतं. त्यांचं घर बघायला जायचं ठरलं. हल्लीच्या रीतीप्रमाणे पल्लवीही सोबत येणार होती, आणि मी व माझी बायकोही. निघायच्या आधी अक्कांनी देवासमोर उभं करून दाजींकडून शपथ घेतली. "पोरीची शपथ हाये तुम्हाला. टेंभुर्णीत लाईटचा ल काढायचा न्हाई. हे स्थळ मोडलं तर मी तुमच्या गाडीत जन्मात बसणार न्हाई." दाजी काहीही बोलले नाहीत. शपथ त्यांनी तेव्हापासूनच पाळायला घेतली असावी.

त्या दिवशी टेंभुर्णीचा रस्ता त्यांना किती लांब वाटला असेल, देव जाणे. समोरून माणूस बोटं उघडझाप करत येई, दाजींचा पाय ब्रेककडे जाई, अक्का खाकरत, आणि दाजी ओठ घट्ट मिटून पुढे जात. गाडी त्यांच्या घराच्या साध्या लोखंडी फाटकाशी थांबली तर मुलाचे वडीलच पुढे आले. पांढरा पायजमा, खांद्यावर उपरणं, चेहऱ्यावर खरं अगत्य. रामराम करायच्याही आधी त्यांनी हात वर करून पाच बोटांची उघडझाप केली. "सर, लाईट चालू राह्यला. बॅटरी उतरंन." दाजींनी डोळे मिटले, हात जोडले आणि एक शब्द न बोलता घरात जाऊन बसले.

खरी गंमत, किंवा खरी पंचाईत, तिथून सुरू झाली. शपथ फक्त दिव्यांपुरती होती. पण दाजी स्वतःला चांगले ओळखून होते. कुठल्याही विषयावर तोंड उघडलं की आपण फिरून तिथेच पोचणार, हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते कशावरच बोलेनात. पावसाचं विचारलं, "हो." शाळेचं विचारलं, "बरं." विहीर दाखवली, गोठा दाखवला, नवीन बांधलेली खोली दाखवली; दाजी प्रत्येक ठिकाणी मान हलवून वर बघायचे. मी आपला भलत्याच उत्साहाने गाईंचं कौतुक करत होतो. हळूहळू मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरत गेला. ते आत जाऊन बायकोशी काहीतरी कुजबुजले, बाहेर आले आणि दाजींसमोर बसले. "सर, घर पसंत न्हाई का? मोकळं सांगा. आमचं काही चुकलं असंन तर तसं सांगा. पोरीचा मामला हाये, मनात ठेवू नका."

कोपऱ्यात बसलेला मुलगा पल्लवीकडे बघत होता आणि पल्लवी बापाकडे. दाजींनी तोंड उघडलं, अक्कांकडे पाहिलं आणि परत मिटलं. मला तर वाटलं, झालं, हेही गेलं, आणि या वेळी तोंड न उघडल्यामुळे गेलं.

तेवढ्यात पल्लवी म्हणाली, "काका, बाबांना घर पसंत आहे. त्यांना आईनं शपथ घातली आहे." आणि तिने सगळं सांगून टाकलं. धुकं, कुरडया, अंबडच्या पाहुण्यांचा बंपर, काहीही झाकून ठेवलं नाही. अक्का पदराने तोंड पुसत राहिल्या. मग ती आईकडे वळली. "आई, ज्या घरात बाबांना तोंड दाबून बसावं लागेल, त्या घरात मी कशी नांदू? पुढं ते मला भेटायला येतील, तेव्हाही शपथ घालणार का?" आणि दाजींना म्हणाली, "बाबा, काकांनी लाईटचं म्हटलं होतं. सांगा त्यांना."

दाजींचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. मुलाच्या वडिलांनी उपरणं खांद्यावरून काढून मांडीवर ठेवलं, बैठक सैल केली आणि म्हणाले, "मंग सांगा की, सर. मी तर पहिल्यापासून तेच म्हणून राह्यलो. दिवसा कशाला लावायचे?"

दाजींनी सांगितलं. चहा आला, गेला, जेवणाची पानं वाढली, दाजी सांगत होते. जेवण झाल्यावर पाहतो तर दोघं व्याही आवारात ट्रॅक्टरपाशी. "याला पिवळे बसतीन का?" "बिलकुल बसतीन. पाच मिनिटांचं काम." मी आणि माझ्या बायकोने हसू दाबलं, आणि खरंच सांगतो, त्या वेळी मला पल्लवीचा फार अभिमान वाटला. सुपारी त्याच संध्याकाळी फुटली. दोघं व्याही हाताचं काळं ग्रीस धुवून येईपर्यंत सगळ्यांना थांबावं लागलं, एवढंच.

लग्न थाटात झालं. जावयाची बदली विदर्भात झाली आणि पल्लवीही बँकेतून तिकडे बदली मागून गेली. हे सगळं चांगलंच झालं, पण जुन्या जालन्यातलं ते घर एकदम शांत झालं. दाजींची चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी असते. फोनवर ते पल्लवीला जेवलीस का विचारतात आणि फोन अक्कांकडे देतात. रस्त्यात कुणी अडवलं तर मान हलवून पुढे जातात. त्यांना असं गप्प बघायची मला सवय नाही आणि ते मला बघवतही नाही.

परवा रविवारी आम्ही चौघं शहागडला निघालो होतो. स्वच्छ ऊन होतं. दाजी मुकाट गाडी चालवत होते, अक्का शेजारी, मी आणि बायको मागे. मग अक्का, ज्यांनी आयुष्यभर या विषयावर कानांवर हात ठेवले होते त्या अक्का, समोर रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "अहो, ते खालचे पिवळेच का घेतले? पांढरे मिळत न्हाईत का?"

दाजींनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. गाडीचा वेग थोडा कमी केला, घसा साफ केला.

"चांगलं इचारलं," ते म्हणाले, आणि सांगायला लागले.

शहागडचा पूल येईपर्यंत अक्का "हं, मंग?" म्हणत होत्या.