एक वीत चार बोटं

रंध्याचं व्यसन लागतं असं कोणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी बँकेतली कारकून. घरात खिळा ठोकायचा तरी नवऱ्याला हाक मारणारी बाई. पण त्या वर्षी संक्रांत झाल्यावर एका शनिवारी सकाळी जुना पंजाबी ड्रेस घालून, डबा पिशवीत टाकून मी स्कूटीवरून जवळच्या नागरा गावाकडे निघाले, तेही सुतारकाम शिकायला. फाटकात उभं राहून नवऱ्यानं येताना एक पलंगही करून आणायला सांगितलं. मी उत्तरादाखल जोरात हॉर्न वाजवला.

कारण घरातच होतं. माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणते, जन्मभर दवनीवाड्याला धानाच्या बांध्यांत राबले आणि गुडघे पार कामातून गेल्यावर गोंदियाला आमच्याकडे राहायला आले. आम्ही स्वयंपाकघरात खाली बसून जेवायचो. त्यांना खाली बसवेना, म्हणून त्यांचं ताट बाहेरच्या खोलीत, खुर्चीपुढच्या टीपॉयवर. आत मुलं खिदळली की ते बाहेरून विचारायचे, काय झालं? सांगेसांगेपर्यंत त्यातली गंमत निघून गेलेली असायची. जेवणाचं टेबल घेऊ म्हटलं तर स्वयंपाकघरात ते ठेवून आम्ही उभं कुठं राहणार, हा प्रश्न होता. एकदा मी ताट ठेवून वळले तर ते म्हणाले, "आपल्याच घरी पाहुन्यासारखा जेवून राहिलो मी." रागावून नाही, सहजच म्हणाले. मला मात्र ते फार लागलं.

मग मी त्यांना उलट्या बादलीवर बसवून बघितलं, विटांवर बसवलं, पाटांची चळत रचून तिच्यावर बसवलं. शेवटी एक उंची अशी सापडली की त्यांना आपलं आपण बसता येत होतं, उठता येत होतं आणि खाली मांडलेल्या ताटापर्यंत हातही पोचत होता. मी ती मोजली. एक वीत आणि चार बोटं. एवढ्या उंचीचं स्टूल बाजारात मिळेना. सुताराला सांगता आलं असतं, पण त्याच आठवड्यात दोन दिवसांच्या कार्यशाळेबद्दल कळलं, आणि खरं सांगायचं तर मला ते स्वतःच करायची खाज सुटली होती.

कार्यशाळा म्हणजे बंद पडलेल्या राइस मिलची शेड. शिकवणारे होते रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब. लाकडाचा नाद त्यांना नोकरीतच लागलेला, आणि चहाची वेळ झाली की ते अजूनही शिट्टी फुंकायचे. शिकणारे आम्ही हौशी मोजकेच. माझ्या एका बाजूला एक दातांचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला साडीच्या दुकानाचे एक शेठ. नियम असा की विजेचं यंत्र नाही आणि खिळाही नाही. स्टुलाच्या पायाचं टोक तासून त्याचं कुसू काढायचं, बैठकीच्या फळीला भोक पाडायचं, कुसू त्यात घट्ट बसवायचं आणि वरून पाचर ठोकायची.

आधी फळी रंधायची होती. सागाची जुनी फळी, वर काळा थर. पहिल्यांदा रंधा अडला, दुसऱ्यांदा घसरला, आणि मग काय झालं कोण जाणे, सर्रकन आवाज आला आणि रंध्याच्या तोंडातून एक लांब, पिवळी, गुंडाळलेली साल बाहेर आली. लाकडाचा तो वास! मी मोठ्यानं हसले. शेजारी डॉक्टरही हसले, कारण त्यांचीही निघाली होती. झालं, मग कोणाची साल जास्त पातळ याची चढाओढ लागली. शेठजी आपली साल दुकानातल्या पदरासारखी हातावर पसरून दाखवत. डॉक्टर त्यांची उजेडात धरून एक्स-रेसारखी तपासत. दुपारी माझी एक अशी निघाली की शेठजींनी ती डोळ्यांपुढे धरली आणि म्हणाले, "भाभीजी, इसमें से तो अख़बार पढ़ लो." मी ती साल अंबाड्यात गजऱ्यासारखी खोचली आणि पुन्हा रंधा उचलला. नोकरी, स्वयंपाक, सासर, माहेर, सगळं विसरून मी रंधत सुटले होते.

गार्डसाहेबांनी शिट्टी फुंकली. आम्हाला वाटलं चहा. ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, आता थांबा. लाकूड संपून राहिलं."

खरंच, माझी फळी सकाळच्या निम्मी उरली होती. डॉक्टरांची तर त्याहून गेलेली. त्यांनी स्टुलाचा बेत सोडून पोळपाट करायचं जाहीर केलं.

रविवारी मी शहाण्यासारखी वागायचं ठरवून गेले. प्रत्येक पायाचं कुसू काढलं, भोकं पाडली. एक कुसू जरा घट्ट जात होतं. एक हलका हात फिरवावा म्हणून पटाशी धरली, आणि पटाशीखालूनही तशीच गोड साल निघाली. मग आणखी एक. कुसू भोकात घातलं तर ते खुळखुळ वाजायला लागलं. उपाय एकच होता. कुसू कापून टाकायचं आणि त्याच्या खाली नवं काढायचं. पाय तेवढा आखूड झाला, म्हणून उरलेले तीनही आखूड करावे लागले. पाचरी ठोकून स्टूल जमिनीवर ठेवलं तेव्हा चारही पाय नीट टेकले. शेठजींनी टाळ्या वाजवल्या आणि मी चक्क एक गिरकी घेतली. मग हात लावून मोजलं. एक वीत, आणि चार बोटांच्या जागी जेमतेम एक.

घरी येईपर्यंत माझं हसू मावळलं होतं. रात्री ताटं मांडताना मी स्टूल मुलांच्या मधे ठेवलं आणि मामाजींना बोलावलं. तोंडानं मात्र आधीच सांगून टाकलं, की हे बुटकं झालंय, मी दुसरं करीन. ते भिंतीला धरून खाली झाले, शेवटचं तीन बोटांचं अंतर धपकन बसले. नवऱ्यानं धरायला हात पुढे केला. स्टूल हूं की चूं न करता उभं राहिलं. धाकटीनं शाळेतल्या बाईंची नक्कल केली, सगळे हसले आणि या वेळी तेही सगळ्यांबरोबर हसले. भात दोनदा घेतला.

जेवण झालं आणि व्हायचं तेच झालं. त्यांना उठता येईना. नवऱ्यानं एक हात धरला, मी दुसरा, नातवंडांनी मागून लोटलं, आणि कसंबसं त्यांना उभं केलं तेव्हा सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली होती. पुढच्या रविवारी गार्डसाहेबांकडे जाऊन बरोबर उंचीचं करून आणते, मी म्हटलं. रंधा पुन्हा हातात येणार म्हणून मी मनातून खूशही होते.

त्यांनी खाली वाकून बैठकीवरून तळवा फिरवला.

"कायले?" ते म्हणाले. "उठवाले तुमी हाव ना सारे."