टाकीचं पान

उज्ज्वला मेंढपाळाच्या घरातली. पुण्याच्या एका कारखान्यात सहा वर्षं तिनं कंट्रोल पॅनल जोडले. आईला अर्धांगवायू झाला तशी ती आष्टीला परतली आणि बाजारतळाजवळ मोटारी-स्टार्टर दुरुस्तीचं दुकान टाकून बसली. बोलणं कमी, हात सफाईदार.

राधाकिशनतात्यांच्या दूध केंद्रावर दूध थंड ठेवायची मोठी टाकी होती. तिच्यासाठी उज्ज्वलानं काडेपेटीएवढ्या बोर्डात छोटा वेब सर्व्हर बसवला. इंटरनेटची गरज नव्हती. बोर्डाच्या वायफायला मोबाईल जोडून ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की टाकीचं पान उघडायचं: वर तापमान, खाली कॉम्प्रेसरची दोन बटणं, चालू आणि बंद. बोर्डात जागा इतकी थोडी, की पानावरचा तात्यांचा फोटो तिला काढून टाकावा लागला. तात्या दोन दिवस घुश्शात होते.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी टँकरवाल्यानं टाकीचं झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. सातशे लिटर दूध नासलं होतं. कॉम्प्रेसर आदल्या संध्याकाळपासून बंद होता.

कोणत्या मोबाईलवरून काय हुकूम आला, याची नोंद बोर्ड ठेवत असे. बोलावणं येताच उज्ज्वलानं येऊन ती काढली. साडेसात, बंद, अजिनाथचा मोबाईल. अजिनाथ म्हणजे केंद्रावरचा जुना, पन्नाशीचा माणूस.

"झालं तर मग," तात्या म्हणाले. "अजिनाथ, तू घरी जा."

अजिनाथ हलला नाही. "ताई, दुपारी टाकी धुताना बंद दाबलतं. धुणं झाल्यावर तात्यांनी त्यांच्या मोबाईलवरून चालू केलं. संध्याकाळी मी फकस्त मोबाईल उघडलता. बटनाला हात लावला न्हाई."

नोंद त्याच्या विरोधात होती. तो मात्र तेच, तेवढ्याच आवाजात पुन्हा सांगत राहिला. उज्ज्वलानं कॉम्प्रेसर चालू केला, अजिनाथचा मोबाईल मागून घेतला, ब्राउझर बंद केला आणि पुन्हा उघडला. दुपारचं पान आपोआप आलं. पॅनलमध्ये टक असा आवाज झाला आणि कॉम्प्रेसर थांबला. पत्त्याच्या शेवटी 'बंद' हा शब्द तसाच होता. पान नुसतं उघडलं तरी बोर्ड तो हुकूम समजत होता.

तिनं मोबाईल अजिनाथला परत दिला.

"चूक माजी हाय, तात्या," ती म्हणाली. "ह्यांची न्हाई."

तात्यांनी बोर्डाकडे बोट दाखवलं. "मग कशाला बसवलं हे?"

"दोन दिवस द्या. न्हाई जमलं तर काढून नेते."

तिनं हुकूम पत्त्यातून काढला. आता पान उघडलं की नुसतं तापमान दिसायचं. बटण दाबलं तर पासवर्ड विचारला जायचा, आणि दूध तापू लागलं तर बोर्ड स्वतःच कॉम्प्रेसर सुरू करायचा. मोबाईल बदलून बदलून तिनं ते पन्नासेक वेळा तपासलं. असाच बोर्ड तिनं धारूरलाही एका केंद्रावर बसवला होता. तिथं ती स्वतः गेली आणि काय घडलं ते सांगितलं. त्यांनी बोर्ड काढून तिच्या हातात दिला. ती वाद न घालता परतली.

तिसऱ्या दिवशी तात्यांनी घरी बसलेल्या अजिनाथला निरोप धाडला. तो आला, चहा घेतला, कामाला लागला.

टाकीचं पान तात्या रोज उघडतात. अजिनाथ उघडत नाही. टाकी धुवायची वेळ झाली की तो पॅनलजवळ जातो आणि हातानं खटका पाडतो.