माइकवर घेतलेला उखाणा

सातवीत शाळा सुटली आणि मराठवाड्यातून लग्न होऊन मी बोळिंजला आले. नवरा नगरसेवक झाला, पण वॉर्डात तोंड माझं चालायचं. नळाला पाणी नाही म्हटलं की बायका घेऊन पालिकेत भांडायला मीच. लोक म्हणायचे, "साहेब नावाला, वहिनी कामाला." तेव्हा त्यालाही कौतुक होतं.

कागद तो स्वयंपाकाच्या वेळेलाच आणायचा. वरचं पान दुमडून धरायचा, "इथं कर सही." पिठाचे हात पुसून मी करायची. सातवी शिकलेल्या बाईची सही कुणाला लागते, याचंच अप्रूप. खरं सांगते, उपकार वाटायचे.

त्या सह्यांवर कामणला सरकारी जागेत इमारत उभी राहिली, फ्लॅट विकले गेले, मग बुलडोझर आला. टीव्हीवाल्यांना तो म्हणाला, "बायकोचा धंदा आहे तो. ती ऐकते का माझं कधी?" माझं तोंड सगळ्यांना माहीत. लोकांना पटलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू मात्र त्याला हवंच होतं, घर एक आहे हे दाखवायला. "भाषण नको. उखाणा घ्यायचा, वाण वाटायचं, बस." पहिल्या रांगेत तो हात जोडून बसला. मी माइक घेतला:

"पिठाच्या हातानं सही केली बिनघोर,
कागद आणले …रावांनी, एकटीच मी चोर?"

नाव इथं गाळलंय. तिथं आडनावासकट घेतलं.

त्याचा माणूस माइक ओढायला धावला, तर वाणाच्या रांगेतली एक बाई आडवी आली. तिचं घर त्या इमारतीत गेलेलं. मला शिव्या द्यायलाच आली होती ती.

"थांब रे, बोलू दे तिला." मग माझ्याकडे वळली, "सही तुझीच ना पण?"

"माझीच."

"पोलिसांत सांगशील?"

दुसऱ्या दिवशी तीच मला घेऊन गेली. तिचे उपकार फिटायचे नाहीत. मी माझी सही कबूल केली, आणि त्याचंही काही झाकून ठेवलं नाही.

आता खटला दोघांवर आहे, तारीख एकाच दिवशी लागते. वकील नवऱ्याशी समेट सुचवतो, गावाकडून आई फोनवर रडते. दाराची बेल वाजली तरी आधी खिडकीतून बघते, मगच कडी काढते. तरी समेट नाही. कोर्टाबाहेरच्या बाकावर तो येतो, हळूच म्हणतो, "अगं, सरक थोडी." मी शेजारी पर्स ठेवते. ती जागा त्या बाईची. ती येईपर्यंत तो उभा राहतो, आणि मी त्याच्याकडे निवांत बघत बसते.