गंगामावशीचे ड्रम

"दादा, माय गेली..." मावसभाऊ शिवाचा फोन आला तेव्हा मी विष्णुपुरीत कामावर निघालो होतो. याला आता महिना झाला. मुखेडजवळच्या त्या गावात पोचलो तर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आसपासच्या सात-आठ गावांतल्या बाया आल्या होत्या. त्या कशासाठी आल्या, ते सांगायलाच हवं.

गंगामावशी शाळेची पायरी चढली नव्हती. टंचाईच्या एका उन्हाळ्यात टँकर चार-चार दिवस यायचा नाही, तेव्हा तिनं फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन राखेनं तीनदा घासून पाण्याला घेतला. ते पाणी चार वर्षांची नात संगीता प्यायली. तोंडाला फेस आला, हातपाय थरथरायला लागले... नांदेडच्या दवाखान्यात पाचव्या दिवशी पोरीनं "आज्जी" म्हणून हाक मारली, तेव्हा कुठं मावशी बोलली, "म्याच धुतला होता रे तो कॅन. लई चांगला धुतला होता." कॅनच्या पोकळ मुठीत औषध राहून गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, ते प्लास्टिकमध्येही मुरतं, कितीही धुवा, पूर्ण निघत नाही. मावशीनं हे कायमचं ध्यानात ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात बाजारात निळे ड्रम स्वस्तात आले. लेबलं खरवडलेली. गावानं घेतले, शिवानंही एक आणला. मावशीनं झाकण उघडून वास घेतला, तर तोच औषधाचा! तिनं ड्रम घरंगळत टँकरपाशी नेला आणि रांगेसमोर कुऱ्हाडीनं त्याचा तळ फोडला.

"येडी झाली का गंगाबाई?" रांगेतले हणमंतराव ओरडले. "धुतलं की झालं की!"

"माझ्या नातीला इचारा, धुतलं की झालं का!"

पण मग पाणी भरायचं कशात? मावशी मला घेऊन एसटीनं लातूरला गेली. तिथल्या मिठाईच्या कारखान्यात साखरेच्या पाकाचे ड्रम रिकामे होतात, असं तिनं ऐकलं होतं. मालकाला म्हणाली, "आत खायाचंच होतं ह्ये दाखवा, तरच नेते." त्यांनी लेबलं दाखवली, तिनं माझ्याकडून प्रत्येक वाचून घेतलं, आणि बारा ड्रम टेंपोत चढले. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून घासणं, तीनदा विसळणं, विहिरीत टाकतात त्या टीसीएल पावडरचं पाणी रातभर भरून ठेवणं, ते ओतून पुन्हा विसळून उन्हात वाळवणं... बाया आधी नुसत्या बघायला आल्या, दुसऱ्या दिवशी पदर खोचून बसल्या. टेंपोच्या आणखी खेपा झाल्या, उन्हाळा सरेपर्यंत घरोघरी पाकाचा ड्रम होता आणि औषधाचे एकूण एक फोडून झाले होते. शेवटचा हणमंतरावांनी स्वतः आणला. मावशीनं हसून कुऱ्हाड त्यांच्याच हातात दिली. पुढं शेजारच्या गावांतून बोलावणी आली, आणि ती पायी जाऊन शिकवत राहिली.

मावशीला समाधी दिल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळीच दारात ट्रॅक्टर थांबला. मावशीनं त्या गावाला ड्रम कबूल केले होते. ट्रॅक्टरवाला ओशाळून म्हणाला, "मला ठावं नव्हतं. मागून येतो."

"मागून कशाला? उद्या टँकर हाय ना तुमच्याकडं?" संगीता म्हणाली. ती आता नांदेडला नर्सिंग शिकते. तिनं ओढणी कमरेला बांधली, कोनाड्यातली मावशीची झिजलेली काथ्याची घासणी उचलली आणि मावशीनं टीसीएलचं पाणी भरून ठेवलेल्या, शेवटचं विसळणं उरलेल्या चार ड्रमांपाशी बसली. मागोमाग बाया उठल्या, मावशीची सून उठली, मी पाणी ओतायला लागलो. दुपारी ड्रम उन्हात वाळले, ट्रॅक्टर भरून गेला... आणि रडायचं सगळ्यांचंच राहून गेलं.