मेथीचा वाफा

माती चिमटीत घ्यायची, जिभेला लावायची, थुंकायची आणि मग पिशवीला चिठ्ठी बांधायची, ही मामांची पद्धत. जालन्याच्या माती तपासणी प्रयोगशाळेत मी केमिस्ट, ते मदतनीस. असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. "मामा, त्यात काय काय असतं, तोंडात घालू नका," असं मी शंभरदा बजावलं. ते म्हणायचे, "सर, काळी माती हाय. धरून ठेवती ती."

हे वाक्य मीच त्यांना शिकवलं होतं, ते आधीच सांगून टाकतो.

त्यांच्या शेताला लागून भंगार वितळवायची भट्टी होती. ती बंद पडल्यावर मामांनी शेतातली माती तपासायला आणली. शिसं निघालं, बऱ्यापैकी. मी ऐटीत समजावलं, की मातीत चुनखडी भरपूर आहे, शिसं तिला चिकटून बसतं, पिकात फारसं चढत नाही. "खुशाल खा," म्हणालो.

मामा खूश. त्यानंतर कुणीही शेतकरी आला की हे ऐकवणार, "घाबरू नका, धरून ठेवती." तो बिचारा युरिया किती टाकू एवढंच विचारायला आलेला असायचा.

पुढे त्यांनी मोसंबी लावली, ठिबक केलं. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचतात, म्हणून आमच्याकडे सगळेच अ‍ॅसिड सोडून त्या धुतात. ते पाणी नळीच्या टोकातून बाहेर काढतात. मामांनी ते टोक शेतातल्याच घरामागच्या मेथीच्या वाफ्यात सोडलं होतं. पाणी वाया गेलेलं त्यांना बिलकुल खपत नसे. अ‍ॅसिडने चुनखडी विरघळते आणि तिने धरलेलं सुटतं, हे मला ठाऊक होतं. टोक कुठे सोडलंय, ते मी कधी विचारलं नाही.

मामांची मुलगी गावातच दिलेली. बाळंतपणाला घरी आली तेव्हा तिला रोज त्याच वाफ्यातली मेथी. पुढे नातही त्याच मातीत रांगली. तीन वर्षांची झाली तरी बोलेना, म्हणून मोठ्या दवाखान्यात नेली. रक्तात शिसं निघालं. न बोलणं त्यामुळेच का, हे डॉक्टरांनी ठाम सांगितलं नाही.

मामा वाफ्याची माती घेऊन आले. या वेळी चाखली नाही. मी तपासून आकडा सांगितला.

"म्हणजे सोडलं तिनं," ते म्हणाले.

"हो."

"तुम्ही तं म्हणले व्हते..."

"म्हणालो होतो."

मग चहा आला, तो आम्ही प्यायलो. मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटेना. अजूनही वाटत नाही, आणि त्याचीच लाज वाटते.

मामांनी वाफा पडीक टाकला, अ‍ॅसिड बंद केलं. निवृत्त झाल्यावरही दर उन्हाळ्यात त्या मातीची पिशवी घेऊन यायचे, नातीचं बोट धरून. "सर, गेलं का आता?"

"नाही मामा. धरून आहे."

"मंग बघू पुढच्या साली," म्हणत ते बसस्टँडकडे चालू लागायचे.

दिवाळीनंतर मामा वारले. या उन्हाळ्यात पिशवी मुलगी घेऊन आली. चिठ्ठीवर पिकाच्या रकान्यात तिने 'काही नाही' लिहिलं होतं. शेजारी नात उभी होती, आता सात वर्षांची. तिने पिशवीकडे बोट दाखवलं आणि एकेक शब्द सुटा करत विचारलं, "गेलं... का... आता?"

"तेवढंच बोलती ती," मुलगी म्हणाली. "आज्याचं ऐकून."

मी म्हणालो, तपासून कळवतो. दोन आठवडे झाले. पिशवी माझ्या टेबलावर आहे, गाठ सोडलेली नाही.