मकडी मॅडम

कुणी कोळ्याला नावं ठेवली की आमच्या मकडी मॅडम भडकायच्या. माहेरच्यांना बोलल्यासारखं त्यांना लागायचं. छप्पन साली नागपूर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं तेव्हा ते सोडून त्या जबलपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आल्या आणि नेपियर टाउनमध्ये आमच्या शेजारी एकट्या राहू लागल्या. एकट्या कसल्या! बाहेरच्या खोलीत, काचेच्या पेटीत, जवळच्याच कुंडमच्या जंगलातून आणलेली विषारी कोळीण होती.

तळहाताएवढी, केसाळ, राखाडी. दिवसभर झाडाच्या सालीमागे दडायची, अंधार पडला की झुरळावर झडप घालायची. चिडली की पुढचे पाय उचलायची, तेव्हा खालचा पिवळाधमक रंग दिसायचा. "मागे हो, असं सांगून राहिली ती. एवढी सभ्य आहे बिचारी," मॅडम म्हणायच्या. जोडी जमल्यावर नर फार जगत नाही, मादी मात्र वर्षानुवर्षं जगते, हे सांगून वर हसायच्या, "बरं झालं, माझं लग्न नाही झालं. एक माणूस वाचला!"

मी अकरावीत असताना एका सकाळी माझ्या कपाळावर, पार उजव्या पापणीपर्यंत, पाण्याचे फोड उठले. आग तर विचारू नका. आमच्या गल्लीत अशा फोडांना एकच निदान: मकडी मूत गई. आईने आमचुराचा लेप थापला. मॅडम डोकावल्या तशी ती म्हणाली, "तुमच्याच कोळिणीचं काम आहे हे, मॅडमजी."

"काहून हो? तिला दुसरी जागा नाही मिळाली?" मॅडम कडाडल्या. मग माझी हनुवटी धरून त्यांनी डोळा पाहिला आणि त्यांचा आवाजच बदलला. "कोळी चावतो, वहिनी, मुतत नाही. ही नागीण आहे. डोळ्यात उतरली तर पोरीचा डोळा जाईल. चलो, रिक्षा बोलवा."

त्यांनी मला डॉक्टरांकडे नेलं, आणि पुढे कॉलेजला जाता जाता रोज स्वतः औषध घालून गेल्या. डोळा वाचला. आई माफी मागायला गेली तर म्हणाल्या, "माझी कशाला? तिची मागा." आणि खरं सांगते, आईने पेटीपुढे हात जोडले!

म्हातारपणी काचबिंदूने मॅडमची नजर गेली. आमच्या शेवटच्या भेटीत पेटीत विद्यार्थ्यांनी आणून दिलेली नवी कोळीण होती. तिने पांढरा कोष विणला होता, आणि मी बसले असतानाच त्यातून पिल्लं बाहेर पडू लागली.

"काय दिसून राहिलं? बोल ना!"

"खूप आहेत, मॅडम. फिकट, पांढरटच. आईच्या पायांमधून फिरताहेत."

"ती हाकलते का त्यांना?"

"नाही. हलतसुद्धा नाही."

मॅडमनी माझा चेहरा चाचपत उजव्या पापणीवर बोट टेकवलं. "बघ, पोरी. माझ्याही वाट्याचं बघ."

मी डोळे पुसले आणि बघून बघून त्यांना सांगत राहिले.